न मागितलेला टाइमआउट

माझ्या बायकोचा थोरला भाऊ बास्केटबॉल खेळून पोट भरतो, हे आमचं लग्न ठरताना कळलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "खेळतो ते ठीक आहे, पण करतो काय?"

हा प्रश्न त्याला बहुतेक सगळ्यांनीच विचारला आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असे. "उभा राहतो."

त्यात खोटं काही नव्हतं. तो इतका उंच होता की गल्लीतला दिवा बदलायचा झाला की लोक त्यालाच हाक मारत. त्यातूनच 'शिडी' हे नाव पडलं आणि ते क्लबातही गेलं. क्लबाने त्याला पगारावर घेतलं ते उंचीसाठी. बास्केटखाली उभं राहायचं, आपल्या चपळ खेळाडूचा पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं आडवं यायचं, पडलेला चेंडू उचलून दुसऱ्याला द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यांचे तेव्हाचे कोच गरजत, "डोकं घरी ठेवून ये, उंची तेवढी घेऊन ये." हा निमूट ऐके. नावाजलेले खेळाडू आले, भांडले, दुसऱ्या क्लबात गेले. शिडी टिकला. वर्तमानपत्रातल्या फोटोत बहुधा त्याचं कोपर तेवढं येई. माझ्या सासूबाईंनी ती सगळी कोपरं कापून जपून ठेवली होती आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत, "हा आमचा."

मग एका सामन्यात उडी मारून उतरताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण गुडघा पुरता वाकेना. खाली वाकून नाडी बांधणं जमत नाही म्हणून तेव्हापासून तो चिकटपट्टीचे बूट घालतो. क्लबाने माणुसकी दाखवली आणि त्याला महिलांच्या संघाचा कोच केलं. या संघाला सरावासाठी हॉल मिळे तो पुरुषांचं आटोपल्यावर, आणि चेंडू मिळत ते त्यांनी वापरून गुळगुळीत केलेले.

आयुष्यात ज्याने स्वतः काही ठरवलं नव्हतं, तो आता सगळंच ठरवू लागला. कुणी कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, पास कुणाला द्यायचा, सगळ्या खुणा बाकावरून. त्याचा आवाजही त्या जुन्या कोचसारखा चढू लागला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, औषधांच्या दुकानात काम करतात. त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "काय सांगू, मी आमटीत मीठ घालत होते, तर मागून म्हणतात, थांब, आत्ता नको!"

मात्र या पद्धतीने संघ वर चढला हे मान्य करायला हवं. मुली शिस्तीच्या झाल्या आणि खालच्या गटातून पहिल्या गटात आल्या.

त्याच वर्षी संघात भिंगरी आली. बुटकी, काटक, दिवसा चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी. चेंडू पुढे नेण्याचं काम तिचं. मैदानावर कुठे फट पडली आहे हे तिला सगळ्यांच्या आधी दिसे. पण नियमाप्रमाणे ती आधी बाकाकडे बघे, शिडी खूण करी, आणि तोवर फट मिटलेली असे.

"सर, मी तुमच्याकडे बघते तोवर ती जागा जाते."

"मग लवकर बघत जा," शिडी म्हणाला.

पहिल्या गटात जड जाऊ लागलं. हरण्याची भीती वाटली की शिडी टाइमआउट मागे. खेळ थांबवून मुलींना जवळ बोलवायचं, पाटीवर खडूने बाण काढायचे, पुढची चाल पाठ करून घ्यायची. कोच टेबलाशी जाऊन हाताने खूण करतो, पण टाइमआउट लगेच मिळत नाही. चेंडू थांबला किंवा समोरच्या संघाने बास्केट केली की भोंगा वाजतो. एका अटीतटीच्या सामन्यात त्याने असाच मागून ठेवला होता. समोरच्यांनी बास्केट केली आणि एका गुणाने पुढे गेले. चेंडू जाळीतून खाली येतो न येतो तोच आमच्या 'कपाट' नावाच्या उंच मुलीने तो उचलून भिंगरीकडे फेकला. भिंगरी सुसाट सुटली, समोर कुणी नाही, चेंडू जाळीत. पण भोंगा आधीच वाजला होता. पंचांनी हात हलवला. बास्केट धरली गेली नाही. टाइमआउटनंतर पाठ केलेली चाल फसली आणि सामना गेला.

भिंगरी पाण्याची बाटली बाकावर आपटून म्हणाली, "आज आम्ही त्यांच्याकडून नाही हरलो, सर. तुमच्याकडून हरलो."

क्लबाच्या सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. "खालच्या गटात घसरलो तर महिलांचा संघ बंद करावा लागेल. मग तुम्हीही मोकळे." शिडीला दुसरं काही काम येत नव्हतं, आणि या वयात कुणी शिकवणारही नव्हतं.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. चहा निवला तरी कपाला हात नाही. शेवटी माझ्या बायकोने विचारलं, "दादा, तुझे ते ओरडणारे कोच तुला आवडायचे का रे?"

"मुळीच नाही."

"मग त्यांचं सगळं ऐकायचास कशाला?"

त्याने कप बाजूला सरकवला. "ते म्हणतील तिथे उभं राहिलं की चूक माझी नसायची. आता या मुली हरल्या तर चूक त्यांची नसते, माझी असते. बरंच आहे की नाही?"

"तुला बरं वाटत असेल. त्यांना विचारलंस?"

त्या आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली. शिडी म्हणाला, "चला भावजी, मी दुकान दाखवतो." तेव्हाच मी समजलो. भिंगरीने काउंटरवरून आमच्याकडे बघितलं आणि कोरडेपणाने विचारलं, "नंबर तपासायचा का, सर?"

"तपासायला हवा खरा," शिडी म्हणाला. मग खाली बघत, "तो भोंगा माझ्यामुळे वाजला. यापुढे माझ्याकडे बघू नकोस."

"सवय लागलीय. तुम्हीच लावलीत."

"मग बघितलंस तरी मी दिसणार नाही, असं काहीतरी करतो."

बोलणं सोपं होतं. पुढच्या सामन्यांत त्याचा हात आपोआप वर जाई, मध्येच आठवे, आणि तो डोकं खाजवल्यासारखं करी. मुलींना हसू आवरेना. काही सामने जिंकले, काही घालवले. टाइमआउटची खोड मात्र पुरती सुटली नव्हती. शेवटी असं झालं की मोसमाचा अखेरचा सामना जिंकला तरच पहिल्या गटात राहणार होतो.

मी त्या दिवशी बाकाच्या बरोबर मागे बसलो होतो. सामना शेवटपर्यंत घासून झाला. घड्याळात काही सेकंद उरले असताना समोरच्यांनी बास्केट केली आणि एका गुणाने पुढे गेले. पुन्हा तेच दृश्य. "टाइमआउट घ्या!" प्रेक्षकांतून आवाज आला. सेक्रेटरी तर उभेच राहिले. "अहो, घ्या ना! कशाची वाट बघताय?" शिडीने टॉवेलांचा अख्खा गठ्ठा छातीशी कवटाळून धरला होता. त्याने टाइमआउट मागितलेला नव्हता.

समोरच्या मुलींना मात्र हा कोच पुरता ठाऊक होता. आता भोंगा वाजणारच, या खात्रीने दोघी आपल्या बाकाकडे वळल्या, तिसरी केसांचा रबर सारखा करू लागली. भोंगा वाजला नाही. कपाटने चेंडू फेकला, भिंगरी निघाली. मध्यरेषेपलीकडे एकजण सावध होऊन तिला आडवी आली आणि भिंगरीने सवयीने बाकाकडे बघितलं.

शिडी खाली वाकला होता. टॉवेल पायाशी पडलेले, दोन्ही हात बुटाकडे. तिला दिसली ती नुसती पाठ.

मग तिने बाकाकडे बघणं सोडलं. उजवीकडून कपाट धावत येत होती. तिला शिडीने वर्षभर एकच सांगितलं होतं, उभी राहा. आज कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ती धावली होती. भिंगरीने तिच्याकडे पास दिला. चेंडू कड्यावर आपटला, कडेकडेने फिरला आणि आत पडला. वेळ संपली.

हॉलभर आरडाओरडा झाला तरी शिडी वाकलेलाच. गुडघा अडकला होता. मी आणि एका राखीव खेळाडूने दोन्ही बाजूंनी धरून त्याला सरळ केलं. त्याने काहीच बघितलं नव्हतं.

"कुणी टाकला?"

"कपाटने," मी म्हणालो.

"ती तिथे कशी गेली? तिला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

 त्याने पडलेला एक टॉवेल उचलून द्यायला सांगितला आणि बराच वेळ तोंड पुसत राहिला.

सेक्रेटरी धावत आले. "पक्के आहात हं तुम्ही! वर्षभर टाइमआउट घेऊन त्यांना सवय लावलीत आणि ऐन वेळी घेतलाच नाहीत! काय डाव होता!" शिडीने टॉवेल खांद्यावर टाकला. पुढच्या वर्षीचं बोलायला सोमवारी या, असं सांगून ते गेले.

मुली ओरडत, एकमेकींच्या गळ्यात पडत बाकाकडे आल्या. भिंगरी सगळ्यांत शेवटी. घामाने निथळत ती कमरेवर हात ठेवून शिडीसमोर उभी राहिली.

"सर, मी बघितलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"नाडी सुटली होती. बांधत होतो."

तिने त्याच्या चिकटपट्टीच्या बुटांकडे नीट बघून घेतलं. "या बुटांना नाडी कुठे आहे?"

"तीच सापडत नव्हती," शिडी म्हणाला, "म्हणून तर इतका वेळ लागला."