उलट्या चालीचा पाय

गेलेला पाय परत मिळाला, असे केव्हा म्हणावे? आलापल्लीच्या पुढच्या एका खेड्यात मंगलीबाईंनी हे विचारले, तेव्हा प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आले नाही; आजही येत नाही. शिबिरवाल्यांना मात्र ते अकरा पावलांत सापडले होते.

घोणस चावल्यावर मंगलीबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वर्षभराने, २०२१च्या डिसेंबरात, तालुक्याच्या सभागृहात कृत्रिम पायांचे शिबिर भरले. गुळगुळीत फरशीवर, दोन दांड्यांना धरून त्या अकरा पावले चालल्या. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, कार्डावर शिक्का बसला : 'पुनर्वसन पूर्ण'.

"अन् बांधीत?" मंगलीबाईंनी विचारले.

"कसली बांधी, मावशी?" कार्ड भरणाऱ्या मयुरी मॅडम गोंधळल्या.

"धानाची. रोवणा करतांनी आमी मांगं मांगं सरकतो. वाकून, चिखलात. मले उलटं चालवून काऊन नाई पाह्यलं?"

"फॉर्ममध्ये तसं नाहीये," म्हणत मॅडमनी पुढचे नाव पुकारले.

धानावर, म्हणजे भातशेतीवर, जगणाऱ्या मुलखात बायांचे पाय तपासायला यायचे आणि धान कसे लावतात हे विचारायचेही नाही! याला अज्ञान म्हणणे म्हणजे फारच सभ्यपणा झाला.

आषाढात मंगलीबाई पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, घेऊन रोवण्याच्या रांगेत उतरल्या. चौथ्याच पावलाला रबरी चवडा चिखलात अडकला. त्या मागे सरकल्या, पाय जागीच राहिला आणि त्या बदकन बसल्या.

"पऱ्हे रोव म्हटलं होतं वं बाई, पाय नाई!" रांगेतल्या शेजारच्या रुखमाबाई ओरडल्या. रांग खदखदली. मंगलीबाईही हसल्या आणि चिखलाचा गोळा रुखमाबाईंच्या पाठीवर हाणला.

पण मग रुखमाबाई मायेने म्हणाल्या, "तू धुऱ्यावर बस. बसल्या बसल्या पऱ्हे दे आमाले."

ते मात्र लागले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थकलेल्या म्हाताऱ्या बसतात. मंगलीबाई चाळिशीच्या होत्या.

त्या वारलू सुताराकडे गेल्या. "हा चवडा काप, भाऊ. मुसळासारखं लाकूड बसव, खाली निमुळतं."

"सरकारी चीज हाय ना वं?"

"पाय माहा हाय."

वारलूने हलक्या शिवणीचे लाकूड बसवले. चिखलाखाली कडक तळ असतो; टोक तिथवर पोचले की भार पेलतो आणि निमुळते लाकूड उपसूनही येते. हे कुठल्या फॉर्मवर नव्हते. मंगलीबाईंच्या अंगात होते. सायकलच्या ट्यूबने पाय मांडीला आवळून त्या रिकाम्या बांधीत उलट्या चालत राहिल्या. कापलेल्या पायाचा खुंट सोलला. जखम भरेपर्यंत थांबल्या, जुन्या लुगड्याची घडी आत घातली, पुन्हा उतरल्या. रोवणा संपायला आठवडा उरला असताना त्या रांगेत होत्या, रुखमाबाईंच्या शेजारी.

पुढच्या शिबिराला त्या गेल्या, कारण खुंट बारीक होऊन तो बसवायची वाटी सैल झाली होती. तपासणाऱ्या साहेबांनी लाकूड पाहिले आणि कार्डावर लिहिले : 'साधनाची नासधूस. नवीन साधनास अपात्र.'

"ज्याच्यावर मी उभी आहो, त्याले नासधूस म्हणता?" मंगलीबाई कडाडल्या. "चला बांधीत. तुमी तुमचे दोन पाय घेऊन या, मी माहा दीड आणतो. पाहू कोण बसते!"

साहेब गेले नाहीत. शेरा खोडला नाही. सैल वाटीत लुगड्याची आणखी एक घडी गेली.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही हंगामांत मंगलीबाईंनी शेवटच्या दिवसापर्यंत रोवणा केला.