झाकलेला चौक

यास्मिनच्या भावाचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, तिनेच आखलेल्या इमारतीत, रंगकाम बघत उभी होते. "ताई, यास्मिन गेली," एवढंच तो म्हणाला. मला आधी रडू नाही, राग आला... तिचा, माझा, त्या इमारतीचाही.

ती शेळगावची. बारावीनंतर बारामतीला शिकायला आली ती कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं फक्त एका खाटेचं. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहाजणी. उन्हाळ्यात पुस्तकं घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसायचो, तिथे निदान वारा तरी असायचा. पुढे ती आर्किटेक्ट झाली, मी सिव्हिल इंजिनिअर, आणि दोघींनी मिळून ऑफिस थाटलं.

कन्हेरीच्या एका तात्यांना शहरातल्या दोन गुंठ्यांवर मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. यास्मिनने कागदावर चार मजले उभे केले. प्रत्येकीला छोटी पण स्वतःची खोली, पश्चिमेला विटांची जाळी, अंघोळीचं पाणी गाळून संडासाच्या फ्लशच्या टाकीत, आणि मधोमध जमिनीपासून थेट आभाळापर्यंत उघडा चौक, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. तात्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "पोरी, ह्या भोकात मजल्याला दोन खोल्या बसत्यात." वर्षभर हाच वाद. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी तिने तात्यांना आमच्या त्या जुन्या पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं. अर्ध्या तासाने ते घामाने निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "व्हय, कर तुझ्या मनासारखं."

काम सुरू झालं आणि तिचा आजार निघाला. साइट माझ्याकडे आली. चौथ्या मजल्यावर चौक झाकून दोन खोल्या काढू, म्हणत तात्यांचा मुलगा रोज यायचा. मी नाही म्हणायचे. तात्या त्याला अडवायचे नाहीत. दवाखाना आणि साइट यांत मी पिळून निघाले होते. एक दिवस मी हो म्हणून बसले. शेवटच्या भेटीत यास्मिनने क्षीण आवाजात विचारलं, "चौक वरपर्यंत गेला का गं?" मी मान डोलावली... ती समाधानाने हसली. ते हसू मला अजून सोसत नाही.

आता मुली राहायला आल्यात. चौकातली गरम हवा वर अडते आणि तिसरा मजला दुपारी भट्टीसारखा तापतो. चौकावरचा स्लॅब फोडा म्हणून मी तात्यांच्या मागे लागले, तर म्हणाले, "आता कुठं तोडफोड काढतीस?" मी तणतणत जिना उतरत होते. वळणावर यास्मिनने खिडकीला लागून एक बैठा कट्टा ठेवलाय, पाय पसरून एकीला वाचता येईल एवढाच. तिसऱ्या मजल्यावर राहणारी निरवांगीची एक मुलगी तिथे वाचत होती. तिने पाय आखडून मला जागा दिली.

"हितं लय चांगला वारा येतो," ती म्हणाली. "कुणी काढलंय हे?"

मी यास्मिनचं नाव सांगितलं. तिने ते एकदा पुटपुटून पाहिलं.

"मग आमच्या खोलीत का न्हाय येत?"

वाऱ्याने तिच्या पुस्तकाची पानं उलटत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि तिला खरं सांगितलं, माझ्या होकारासकट.