पाच आहे

माफ करा, लिहायला वर्षभर उशीर झाला.

मधू गेला त्या दिवशी लिहायला घेतलं होतं. चार ओळी लिहिल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या. खोट्या होत्या.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यात हा मोबाईल. चुका सांभाळून घ्या.

मधू म्हणजे आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचा स्टॉपर, बचावात मधोमध. पाच नंबर. मी राईट बॅक, दोन नंबर.

बाहेरगावी मॅच असली की कामगारांना आणणारी कंपनीची बस मिळायची. मिरज, सोलापूर, कोल्हापूर. खिडक्या एकदा उघडल्या की पुण्यापर्यंत बंद होत नसत. ओल्या जर्सी त्यांच्याच दांड्यांना बांधून वाळवायचो.

बसमधली मोजणी माझ्याकडे. मला पहिल्यापासून प्रत्येक गोष्टीची धास्ती. ब्रेक लागेल ना, कुणी मागे राहिलं नाही ना, शिफ्ट गाठू ना.

मधूच म्हणाला होता, "बाळ्या, तू नाहीतरी जीव मुठीत धरून बसतोस. तूच मोज."

मोजणी नावाने नाही, नंबराने. मी ड्रायव्हरजवळ उभा राहून ओरडायचो, "एक?" आतून उत्तर यायचं, "आहे."

पुढून दुसऱ्या सीटवर सलीम. अकरा नंबर, लेफ्ट आऊट. त्याच्यासारखा लेफ्ट आऊट मी नंतर पाहिला नाही. शिवाय पक्का नकल्या. कुणाच्याही आवाजात "आहे" म्हणायचा, की माझी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"काय हेडमास्तर," मला विचारायचा, "आज किती नापास?"

एकदा कोल्हापुरात हरलो. सोमवारी पहाटे निघालो. दुपारी तीनला सेकंड शिफ्ट होती आणि आमच्या सुपरवायझरने आधीच बजावून ठेवलं होतं.

कऱ्हाडला चहाला थांबलो. मधूचा पाय सुजला होता. तो हॉटेलच्या मागे नळाखाली पाय धरून बसला. हे मला नंतर कळलं.

मी मोजायला लागलो.

"चार?" "आहे."

"पाच?"

काही नाही.

"पाच?"

मधूच्या सीटवर त्याची बॅग होती, तिच्यावर टॉवेल पसरलेला. डोक्यावरून घेऊन माणूस झोपावा तसं दिसत होतं. मला वाटलं, झोपलाय.

खरं सांगतो, पूर्ण वाटलं नव्हतं. चार पावलं मागे जाऊन टॉवेल उचलायचा होता. पण ड्रायव्हर म्हणाला, "अहो, निघायचं का इथेच संसार मांडायचा?" आणि मला घड्याळ दिसत होतं.

मीच खाली बघून म्हणालो, "पाच आहे."

आणि पुढे मोजत गेलो.

खंबाटकी घाटात इंजिन तापलं, सगळे उतरले, तेव्हा कळलं. ड्रायव्हर माघारी फिरवायला तयार होईना. आम्ही तसेच पुढे आलो.

मधूचे कपडे, पाकीट, बूट सगळं बसमध्ये. तो संध्याकाळी गुळाच्या ट्रकमधून मार्केट यार्डात उतरला. अनवाणी, रात्री झोपला होता त्याच हाफ पँट आणि पाच नंबरच्या जर्सीत. तिथून सुजलेल्या पायाने घरी चालत गेला.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्याने एवढंच विचारलं, "पाच आहे असं कोण म्हणालं?"

आवाज पुढून आला होता, असं सगळे म्हणाले. आणि सगळ्यांनी सलीमकडे पाहिलं.

सलीम म्हणाला, "मी नाही. आईची शपथ."

तो नेहमीच असं म्हणायचा. लोक हसले. मधू हसला नाही.

मी तिथेच उभा होतो.

भांडण झालं नाही. मधूने सलीमला पास देणं बंद केलं, बस्स. डावीकडे सलीम हात वर करून मोकळा उभा, आणि मधू बॉल उजवीकडे द्यायचा. म्हणजे मला. प्रत्येक वेळी मला.

पुढच्या सीझनला सलीमने जर्सी परत केली. धुऊन, इस्त्री करून. पुन्हा खेळला नाही. वर्षभरात नोकरीही सोडली.

नंतर त्याने बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. सांगायचं ठरवून मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा पेन्सिल सेल घेऊन परत आलो.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हेडमास्तर, रेडिओ तरी आहे का घरी?"

नव्हता.

मागच्या वर्षी मधूला हॉस्पिटलमध्ये भेटलो. बोलताना धाप लागत होती. मध्येच म्हणाला, "बाळ्या, सलीम भेटला तर सांग, माझा राग नाही आता. पण एकदा कबूल कर म्हणावं."

मी म्हणालो, "सांगतो."

तेव्हाही एवढंच म्हणालो. चार दिवसांनी तो गेला.

वर्षभर झोप नीट नाही. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथल्या पोराला सलीम माहीत नाही. कुणी म्हणतं पुण्याजवळच्या मांजरी गावात मुलीकडे असतो. मी बसने दोनदा मांजरीला जाऊन आलो. नव्या बिल्डिंगा इतक्या, की विचारायचं तरी कुणाला. वॉचमन आडनाव विचारतो, फ्लॅट नंबर विचारतो. मला फक्त अकरा नंबर माहीत.

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितो. ते सलीम म्हणाला नव्हता. ते मी म्हणालो.

मधू, तुझा निरोप मी दुसऱ्याच्या नावावर घेऊन फिरत होतो. तो माझाच होता. कबूल आहे. आता पाय पसरून आराम कर.

जुन्या लोकांपैकी कुणाला सलीमचा पत्ता माहीत असेल तर त्याला हे वाचून दाखवा. त्याच्या मुलीने वाचलं तरी चालेल.

सलीम, शिव्या दे. माफ करू नकोस हवं तर. पण आहेस एवढं लवकर कळव. माझ्याने आता फार वेळ उभं राहवत नाही.

अकरा?