डाव्या हाताची गाठ

माझ्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सांगण्यासारखी त्यांना एकच गोष्ट सापडली. ती म्हणजे टपाल दोन ऑफिसांमध्ये गोल फिरत राहू नये म्हणून मी घालून दिलेला नियम. नियम अगदी साधा आहे. आपण बांधून पाठवलेलं बंडल त्याच वाटेनं परत आलं, तर ते पुन्हा त्या वाटेला लावायचं नाही. टेबलावर ठेवायचं, उघडायचं आणि समोरच्या ऑफिसला विचारायचं, की बाबा रे, तुझ्या कागदावर काय लिहिलंय? साहेब म्हणाले, केवढी ही बारीक नजर! टाळ्या पडल्या. मी शाल-नारळ घेतला आणि मनात म्हटलं, वाजवा गाढवांनो, तुम्हाला काय ठाऊक!

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी घाटावरच्या एका पोस्टात सॉर्टर होतो. आलेली पत्रं गावागावांप्रमाणे लावायची, सुतळीनं बंडल बांधायचं, वर लेबल लावून ठसा मारायचा आणि थैली एसटीत चढवायची, एवढंच काम. आमच्याकडे जगाचे दोनच भाग, घाटावर आणि घाटाखाली. आम्ही घाटावरचे थंड हवेत राहतो म्हणून स्वतःला शहाणे समजायचो, आणि मी तर बुलढाण्याला कॉलेजाचं एक वर्ष काढलेला. घरी वऱ्हाडी बोलायचो, पण काउंटरवर बसलो की पुस्तकातलं मराठी काढायचो. शिवाय मी डावखुरा. शाळेत मास्तरांनी छड्या मारून माझं अक्षर उजव्या हातात आणलं, गाठ मात्र डावीच राहिली. माझी गाठ उलटी पडते, ती शंभरांत ओळखू येते.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. पूर्वी त्याचं टपाल आमचा डाकवाला पायवाटेनं खाली नेऊन द्यायचा. मग मोताळ्याच्या बाजूनं सडक झाली आणि विभागाच्या ऑफिसातून आम्हाला हुकूम आला की या गावाचं टपाल यापुढं घाटाखालच्या ऑफिसकडे पाठवा. मी यादीत तशी चिठ्ठी चिकटवली. पुढं आषाढात त्या सडकेवरची फरशी, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, वाहून गेली. तेव्हा त्याच विभागाच्या ऑफिसानं खालच्यांना कळवलं की फरशी होईपर्यंत या गावाचं टपाल घाटावर पाठवा. हे आम्हाला कळवलं नाही. दोन्ही हुकमांवर सही एकाच माणसाची होती. दोन कागद शेजारी ठेवून वाचायला त्याला फुरसत झाली नसावी.

झालं, खेळ सुरू. मी दुपारच्या एसटीनं बंडल खाली पाठवायचो, खालचा सॉर्टर ते सकाळच्या एसटीनं वर पाठवायचा. कागदाप्रमाणे तोही बरोबर आणि मीही बरोबर. बंडल सोडायचे कष्ट दोघांनाही नकोत. नवीन पत्रं आली की ती सुतळीखाली सारायची, जुन्या लेबलावर नवं लेबल लावायचं, की झाली ड्यूटी. तिसऱ्याच दिवशी मी माझी गाठ ओळखली. हे बंडल आपलंच आहे आणि ते फिरतंय, हे मला त्या क्षणी कळलं होतं. साहेबांनी वाखाणलेली माझी ती बारीक नजर एवढंच पाहून थांबली.

कारण मला राग आला होता. घाटाखालचा एक सॉर्टर, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं, मला काम शिकवणार? मी लेबलावर लाल शाईनं लिहिलं, “नकाशा पाहावा.” दुसऱ्या दिवशी खालून उत्तर आलं, “आपणच पाहावा.” मी लिहिलं, “वाचता येत असल्यास हुकूम वाचावा.” त्यानं लिहिलं, “येते. आपणास?” मी सकाळच्या थैलीची वाट पाहू लागलो, प्रेमपत्राची पाहतात तशी. दुपारभर उत्तर जुळवत बसायचो. किती क्षुद्र माणूस होतो मी, आज आठवलं तरी शिसारी येते.

याच दिवसांत ती यायला लागली. त्याच गावच्या एका शेतकऱ्याची मुलगी, सातवीची फायनल पास झालेली. मास्तरणीच्या ट्रेनिंगला अर्ज केलेला. बोलावणं आलं तर जाऊ देईन, नाहीतर तुळशीचं लग्न झालं की तुझं उरकतो, असं बापानं सांगितलेलं. हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून टाकलं. मी तिच्याकडे न बघता त्या फुगत चाललेल्या बंडलावर सुतळीचा आणखी एक फेरा बांधत होतो.

“माह्या संगातीनचं पत्र येऊन आठ दिवस झाले जी. दोघींनं संगंच अर्ज केला होता. येत्या सोमवारी हजर व्हा लागते तिथी. माहं काऊन नाई आलं?”

“आलं की मिळेल,” मी पुस्तकी मराठीत म्हणालो.

ती माझे हात बघू लागली. मग म्हणाली, “तुमी डाव्या हातानं गाठ मारता जी. माहा आजाबी तशीच मारे.” तिच्या आज्याशी मला काय घेणं?

तिची नजर बंडलावर गेली. वाचता येत होतं तिला, आणि तेही उलट्या बाजूनं. “हे त आमच्याच गावाचं नाव हाय. याच्यात पाहा ना एकडाव.”

“हे बंडल खालच्या ऑफिसचं आहे. मला उघडायचा अधिकार नाही.”

नियमात तसं काहीही नव्हतं. पण उघडलं असतं, तर त्या गावाचं टपाल आमचं आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि लाल शाईतलं माझं भांडण मी हरलो असतो.

ती खाली गेली. घाट उतरून मोताळ्याच्या वाटेनं त्या दुसऱ्या ऑफिसात, चिखलातून, पायी. तिथल्या महाशयांनी सांगितलं, “आताच वर पाठवलं.” शनिवारी ती पुन्हा माझ्यासमोर उभी. लुगड्याच्या काठाला गुडघ्यापर्यंत काळी माती.

“ते म्हणतात वर पाठवलं, तुमी म्हणता खाली जाते. मंग हाय कुठी ते?”

“त्यांना म्हणावं, नकाशा पाहा,” मी म्हणालो. आणि माझ्याच विनोदावर मला हसू आलं. बंडल तेव्हा माझ्या पाठीमागं थैलीत होतं.

सोमवार गेला. बुधवारी ती परत आली. आमच्याकडे थैल्या बांधणारा एक म्हातारा पॅकर होता, अंगठेबहाद्दर. बंडल फुगून एवढं झालं होतं की थैलीच्या तोंडातून जाईना. त्यानं ते उचलून धाडकन तिच्यासमोर काउंटरवर आपटलं.

“बाबू, हे रोज जाते अन् रोज येते. मले वाचता येत नाई तरी दिसून राह्यलं. तुमाले काऊन दिसत नाई?”

आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता त्यानं गाठ सोडली. वीस-पंचवीस पत्रं पसरली. तिनंच तिचं उचललं, लांब खाकी लिफाफा. उभ्या उभ्या वाचलं. हजर व्हायची तारीख गेलेल्या सोमवारचीच होती. ती रडली नाही. लगेच म्हणाली, “मले लिहून द्या, पत्र तुमच्या इथी अडकलं होतं म्हून. मी आजच जातो घेऊन. शिक्का मारून द्या फक्त.”

मागणं रास्त होतं. एक ओळ आणि एक ठसा. ट्रेनिंगवाले कदाचित मानलेही असते. शिवाय पुरावा समोरच होता. एकावर एक अकरा लेबलं, प्रत्येकावर दोन्ही ऑफिसांचे तारखेचे ठसे. कोणी मागितलं तर सगळा प्रवास डोळ्यांपुढं मांडता आला असता.

पोस्टमास्तर पुण्याकडचे होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “हे पाहा बाई, लिहून दिलं म्हणजे चूक आमची झाली असा अर्थ होतो. तसं काही देता येत नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेबलांवरची लाल शाई त्यांना दिसली होती. ते आत गेले.

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी लेबलं गोळा केली. थैल्यांवर सील करायची लाख वितळवायची शेगडी पायाशीच होती. एकेक करून सगळी आत टाकली. म्हातारा पॅकर तोंड फिरवून थैल्या झटकू लागला. ती मात्र बघत होती. शेवटचं लेबल जळेपर्यंत बघत होती.

“आमच्याकडून उशीर झाल्याची नोंद नाही,” मी म्हणालो. स्वच्छ, शुद्ध मराठीत.

ती ट्रेनिंगला गेली नाही. तुळशीच्या लग्नानंतर तिचं सातपुड्याच्या बाजूला, संग्रामपुराकडे कुठं तरी लग्न झालं, असं पॅकरनं सांगितलं. फरशी दुरुस्त झाली, मी कायम झालो आणि पुढं एक टिपण लिहून नियम सुचवला. विभागानं शाबासकी दिली. बंडल न उघडणाऱ्याला, लेबलं जाळणाऱ्याला, बंडल उघडून बघा असं सांगितल्याबद्दल शाबासकी.

त्या बुधवारी जाताना तिनं लिफाफा कमरेला खोचला. काउंटरवर सुतळी पडली होती. पॅकरनं वरची गाठ सोडली होती, खालच्या फेऱ्याची एक तशीच राहिली होती. तिनं ती उचलली, बोटांनी चाचपून पाहिली आणि माझ्या डाव्या हाताजवळ ठेवली.

“ही तुमचीच हाय,” ती म्हणाली. “म्या पहिल्या दिवशीच पाह्यली होती.”