यीवानचं झाड आणि ऐखांगची पाठ

जिंगमाय डोंगरावरच्या यीवानला त्र्याहत्तरावं लागलं आणि तिच्या मुलाने, ऐखांगने, तिला चहाच्या उंच झाडावर चढायला बंदी केली. गेल्या वर्षी ती फांदीवरून घसरली होती. पडली नव्हती हो, नुसती घसरली होती; पण लेकाने जो धसका घेतला तो घेतलाच.

"बरं बाबा," यीवान म्हणाली. ही बाई उभ्या जन्मात कुणाचं एका शब्दात ऐकणारी नव्हे. ऐखांगला तेव्हाच शंका यायला हवी होती.

वसंतातल्या पहिल्या खुडणीला सगळं घर टोपल्या घेऊन चहाच्या बागेत गेलं. बागेत पूर्वजांनी लावलेलं पहिलं झाड आहे, बागेचा जीव त्याच्यात. त्याच्या बुंध्याशी मेणबत्ती लावायची, चिकट भात ठेवायचा आणि घरातल्या थोरल्या बाईने वर चढून शेंड्याचं पान खुडायचं. ते खुडल्याशिवाय दुसऱ्या एकाही झाडाला कुणी हात लावत नाही. यीवानने मेणबत्ती लावली, भात ठेवला, आणि बुंध्याला पाठ टेकून निवांत चिलीम पेटवली.

"आई, पुढे?" ऐखांगने विचारलं.

"पुढे काय? मला बंदी आहे ना."

"मग यीहोन चढेल."

"मी?" त्याची बायको म्हणाली. "थोरली बाई बसलेली असताना? मला नको ते पाप." आणि सासूशेजारी तीही फतकल मारून बसली. हसू मात्र तिला लपवता येईना.

खुनमिंग शहरातून आलेला चहाचा व्यापारी दुआन घड्याळ बघत होता. "आजी, पालवी आज कोवळी आहे. परवा राठ झाली की मला उपयोग नाही आणि तुमचं वर्ष गेलं."

"ते माझ्या लेकाला सांगा."

दुआन वैतागला. "खालच्या उतारावरच्या झुडपांचा चहा मला याच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यात मिळतो. इथे पैसेही जास्त मोजायचे आणि वर ताटकळायचं."

"मग जा की झुडपांकडे. ती खत खातात नि वर्षभर ओरबाडून घेतात. हे म्हातारं कुणाचं दिलेलं खात नाही, खडकात खोल मुळं घालून आपलं आपण शोधतं, आणि वसंतात मोजकं देतं. सकाळी प्यायलं तर दुपारपर्यंत घशात गोडी राहते, असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो," दुआनने कबूल केलं.

"आणि अशी झाडं उरली किती? एके काळी याचा पाला झुडपांपेक्षा स्वस्त जायचा. सरकारचा हुकूम आला, मोठी झाडं गुडघ्याएवढी छाटा, म्हणजे पीक वाढेल. माणसं करवती घेऊन आली. मी सरळ या झाडावर जाऊन बसले. दोन दिवस, दोन रात्री. शेवटी तीच कंटाळली नि पुढच्या बागेत गेली." तिने चिलीम झाडली. "तूही होतास, ऐखांग. सात महिन्यांचा. माझ्या पाठीवर बांधलेला."

ऐखांग बघतच राहिला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" यीवानचा आवाज जरा खाली आला. "त्या झाडाला माझे पाय ओळखीचे आहेत रे. खालून नुसती बघत बसले, तर मी आजारी पडेन."

ऐखांगने पहिल्या फांदीकडे पाहिलं. ती त्याच्याही डोक्याच्या वर होती. मग तो बुंध्याशी गेला आणि गुडघे टेकून ओणवा झाला.

"ये," तो म्हणाला. "पण सावकाश."

यीवानने सपाता काढल्या नि त्याच्या पाठीवर पाय ठेवला. "हलू नकोस."

"तेव्हा मी हललो होतो?"

"हलला नव्हतास. दोनदा मुतलास मात्र."

दुआन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तोवर म्हातारी फांदीवर पोचली होती आणि यीहोनला वरूनच टोपली नीट धरायला सांगत होती. शेंड्याचं पहिलं पान टोपलीत पडलं, तशी माणसं बागभर पांगली. ऐखांग मात्र तिथेच ओणवा राहिला. आईला उतरायचं होतं ना.