इथला नसलेला आवाज

बिबवेवाडीत भट्टीवर छिन्न्या घडवणारे काका कुठलंही लोखंड आधी वाजवून ऐकतात. एकदा शेतात सापडलेला जड गोळा घेऊन ते माझ्याकडे आले. "साहेब, हा आवाज इथला नाही. तुमच्या लॅबमध्ये बघा की." मी कंटाळा केला आणि न तपासताच म्हणालो, "भंगार आहे, काका." त्यांनी तो तापवून घण घडवला.

उरलेला तुकडा मी नंतर तपासला. निकेल भरपूर होतं, म्हणजे उल्काच. कुठल्याशा फुटलेल्या लघुग्रहाच्या गाभ्यात, लाखो वर्षं सावकाश निवताना त्या लोखंडात उमटलेली रेघांची जाळी भट्टीने पुसून टाकली होती.

हे त्यांना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. परवा घण वाजवून ते हसले, "भंगार असून आवाज बघा, साहेब!"

मी म्हणालो, "छान आहे."