झेंडूच्या बातमीखालची कमेंट

दर्यापूरजवळच्या आमच्या झेंडूच्या शेताची बातमी एका वेबसाइटवर आली, तेव्हा मी अमरावतीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा क्लास करत होते. फोटोत माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वर ठळक अक्षरांत ‘प्रगतिशील शेतकरी’. माझ्या आईचा उल्लेख कुठेच नव्हता. रोपं लावण्यापासून पहाटेच्या तोडणीपर्यंत ती त्या शेतात राबते. मोठेबाबा क्रेट गाडीत घालून अकोल्याच्या बाजारात नेतात, हेही खरं. पण शेतकरी ते एकटेच कसे?

बातमीखाली लिहायचं तर नाव नोंदवावं लागे, नाहीतर आपल्या सोशल मीडियाच्या खात्यातून आत शिरायचं एक बटण होतं. मी ते दाबलं आणि लिहिलं, ‘ही फुलं माझी आई पिकवते. तिचा फोटो कुठे आहे?’

बटणाखालची बारीक अक्षरं मी वाचलीच नव्हती. माझी कमेंट बातमीसकट माझ्या खात्यावर गेली आणि तिथून साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर. वेबसाइटला फुकटात वाचक मिळाले. सोशल मीडियाला आमच्या घरातलं भांडण मिळालं.

दुपारी मोठेबाबांचा फोन आला.

“काहून टाकलं तुनं थे? सोयरे हासून राहिले मायावर. काढून टाक.”

“खोटं काय लिहिलं, मोठेबाबा?”

“खऱ्याखोट्याचं नाही विचारून राहिलो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेली तुनं.”

मी नाही, बटणानं नेली, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग लिहिलेलंच चूक होतं, असा त्याचा अर्थ झाला असता.

“नाही काढत,” मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी आई फोनवर घाबरलेली. “काहून वाद वाढवून राहिली, बाई?” मग म्हणाली, “काय लिवलं थे वाचून दाखव मले.”

मी वाचलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“राहू दे,” म्हणाली.

त्या वेबसाइटशी जोडलेलं खातं मी सेटिंगमध्ये जाऊन तोडलं. माझ्या वतीनं दुसऱ्या कोणी बोलायची गरज नव्हती. कमेंट मात्र ठेवली. मग गावी जाऊन ओच्यात फुलं घेतलेल्या आईचा फोटो काढला आणि माझ्या हातानं टाकला: ‘झेंडू पिकवणारी शेतकरी, माझी आई.’ आधी नकळत पसरलं होतं, ते या वेळी मुद्दाम पसरवलं.

मोठेबाबांनी अबोला धरला. दसऱ्याच्या तोडणीला मी गावी गेले तेव्हा ते बोलले, तेही “क्रेट धर” एवढंच. मी धरला. तेवढ्यात त्यांची बायको, आमची मोठ्याई, वाफ्यातून उठली. पदर नीट केला, कपाळावरचा घाम पुसला.

“माया बी फोटू काढ,” म्हणाली.

मोठेबाबा तिथेच उभे होते. मी क्रेट खाली ठेवला आणि मोबाइल काढला.